‘त्यापेक्षा…’च्या पुढचं वाक्य

प्रश्न : यांना मूत्राशयाचा कर्करोग निघाला. वय ६३. गाठ स्नायूपर्यंत गेली होती म्हणून आधी केमो दिली, चार सायकल झाल्या. आता तीन आठवड्यांनी मूत्राशय काढायचं ठरलंय. डॉक्टरांनी दोन पर्याय सांगितलेत : पोटावर पिशवी किंवा आतड्यापासून केलेलं नवं मूत्राशय. हे काही बोलतच नाहीत. डॉक्टरांना ‘तुम्हाला योग्य वाटेल ते करा’ म्हणाले आणि घरी आल्यावर कागदपत्रांचं कपाट आवरायला बसले. धाकटे दीर रोज फोन करून ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणतात. पिशवी अजिबात नको, नवंच करून घ्या, असा त्यांचा हट्ट आहे. परवा रात्री झोपताना हे एवढंच म्हणाले, ‘ती पिशवी लावून फिरायचं, त्यापेक्षा…’ आणि कूस बदलली. मी झोपेचं सोंग घेतलं. पुढे काय म्हणायचं होतं ते विचारायची हिंमत झाली नाही. पिशवी बदलायला मी शिकून घेऊ का? आणि लिहायला संकोच वाटतो, पण आमचं सहजीवन अजून संपलेलं नाही. ते आता संपणार का? दिवसभर मी हसतमुख असते आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडते. त्यांच्यासमोर रडले तर ते खचतील ना?

उत्तर :

ताई,

तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात यजमानांच्या मनातलं एकच वाक्य आहे आणि तेही अर्धं. आधी त्याबद्दल बोलू, बाकीचं नंतर.

‘त्यापेक्षा’च्या पुढे काय होतं, ते तुम्हाला ठाऊक नाही आणि मलाही नाही. तुम्ही मात्र मनातल्या मनात त्याला सगळ्यांत वाईट शेवट जोडून टाकलाय आणि तो घेऊन रात्र रात्र जागताय. तो शेवट खराही असू शकतो, हे मी लपवणार नाही. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या रुग्णांत, त्यातही वयस्क पुरुषांत, आत्महत्येचं प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा जास्त आढळलेलं आहे. शस्त्रक्रियेआधी कपाट आवरणं, कागद लावून ठेवणं हे पुष्कळ जण करतात, त्यात एरवी काही विशेष नाही. पण कपाट, हे वाक्य आणि गप्प राहणं, तिन्ही एकत्र आलं की अंदाज बांधत बसायचं नाही. विचारायचं.

आज-उद्या, घरात कोणी नसताना, एवढंच म्हणा : ‘अहो, परवा रात्री तुम्ही ‘त्यापेक्षा’ म्हणून थांबलात. मी जागी होते. पुढे काय म्हणणार होतात?’ आणि मग तुम्ही गप्प राहा. हे सगळ्यांत अवघड. आपण प्रश्न विचारतो आणि उत्तराची भीती वाटून आपणच बोलू लागतो. त्यांना वेळ लागेल, लागू द्या. त्यांनी उडवून लावलं, तर स्पष्ट विचारा, ‘जीव नकोसा झालाय का? स्वतःचं काही बरंवाईट करून घ्यावंसं वाटतं का?’ असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट, कोणीतरी विचारलं म्हणून माणूस सुटकेचा श्वास टाकतो. उत्तर ‘हो’ आलं, किंवा नाही म्हणतानाही तुमच्या मनाला पटलं नाही, तर त्यांना एकटं सोडू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, वेळ पडली तर रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात घेऊन जा. घरातल्या वेदनाशामक आणि झोपेच्या गोळ्या तुमच्या ताब्यात ठेवा. शस्त्रक्रियेची तारीख जवळ आहे म्हणून हे मागे ढकलायचं नाही.

मात्र माझा अनुभव सांगतो की हे वाक्य बहुतेकदा दुसरीकडेच संपतं. ‘त्यापेक्षा दुसरा काही उपाय नाही का?’ असं संपतं. हा रास्त प्रश्न आहे आणि तो डॉक्टरांना विचारायलाच हवा, कारण काही निवडक रुग्णांत मूत्राशय न काढता, गाठ आतून खरवडून काढून पुढे केमो आणि रेडिएशन एकत्र देता येतं. तुमच्या यजमानांच्या बाबतीत ते बसत नसेलही. पण का बसत नाही ते त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं बरं. ‘तुम्हाला योग्य वाटेल ते करा’ म्हणणाऱ्याने सही केलेली असते, होकार दिलेला नसतो. पुढे एखाद्या वाईट रात्री हाच माणूस ‘मला कोणी विचारलंच नाही’ म्हणतो.

कधी ते वाक्य ‘त्यापेक्षा चार वर्षं कमी जगेन, पण कोणाला माझं करावं लागायला नको’ असं असतं. आणि एका गृहस्थांचं होतं, ‘त्यापेक्षा मला वेगळी खोली द्या.’ त्यांच्या डोक्यात वास होता. आपल्याला आयुष्यभर वास येणार, नातवंडं जवळ येणार नाहीत, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. बोलता बोलता कळलं की त्यांनी ती पिशवी तोवर पाहिलेलीच नव्हती.

तुमच्याही घरात ती कोणी पाहिलेली नाही, असं पत्रावरून दिसतं.

आपल्या भाषेनेही इथे थोडा घोळ घातलाय. मूत्राशयालाही आपण लघवीची पिशवीच म्हणतो. म्हणजे जन्मापासून प्रत्येक जण एक पिशवी घेऊनच फिरत असतो, फक्त ती आत असते. त्यात बायकांची ‘पिशवी काढली’ म्हणजे गर्भाशय, त्यामुळे नातेवाइकांना फोनवर सांगताना काय काय उलगडून सांगावं लागतं ते तुम्ही भोगत असालच. असो.

ही बाहेरची पिशवी अशी असते. लहान आतड्याचा साधारण १५ ते २० सेंटिमीटरचा तुकडा घेतात, मूत्रपिंडाकडून येणाऱ्या दोन्ही नळ्या त्याला जोडतात आणि त्याचं दुसरं टोक पोटावर, बहुधा बेंबीच्या उजवीकडे खालच्या अंगाला बाहेर काढतात. त्या टोकाला स्टोमा म्हणतात. तो लाल आणि ओलसर असतो, गालाच्या आतल्या बाजूसारखा. लाल म्हणजे जखम, असं वाटून पहिल्यांदा पाहणारा दचकतो. पण लाल असणं हेच तो निरोगी असल्याचं लक्षण. त्याला हात लावला तर दुखत नाही. पुसताना क्वचित थेंबभर रक्त दिसतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पहिले काही दिवस त्यातून दोन बारीक नळ्या बाहेर आलेल्या असतात, त्या पुढे काढतात. सुरुवातीची सूज सहा ते आठ आठवड्यांत ओसरते आणि स्टोमा बराच लहान होतो. पिशवीला खाली तोटी असते. ती एक तृतीयांश ते निम्मी भरली की शौचालयात रिकामी करायची. रात्री तोटीला मोठी पिशवी जोडली की उठावंही लागत नाही. नीट चिकटलेल्या पिशवीचा वास बाहेर येत नाही. रिकामी करताना येतो, तोही लघवीला येतो तेवढाच. युजीन ब्रिकर या अमेरिकी सर्जननी ही पद्धत १९५० साली मांडली आणि मूत्राशय काढल्यावर आजही सर्वाधिक वापरली जाते ती हीच.

शस्त्रक्रियेआधी स्टोमा नर्सची भेट ठरवून घ्या. रुग्णालयाने स्वतःहून सांगितलं नसेल तर तुम्ही मागा. पोटावर खूण कुठे करायची हे ती त्यांना बसवून, उभं करून, वाकवून ठरवते. पँटचा पट्टा कुठे येतो, पोटाची घडी कुठे पडते, त्यांना स्वतःला ती जागा दिसते का, हे सगळं पाहते. खुणेला पाच मिनिटं लागतात, पण ती चुकली तर गळती कायमची मागे लागते. आणि तिच्याकडे एक रिकामी पिशवी मागा. तीत थोडं पाणी भरायचं, पोटावर चिकटवायची, वरून नेहमीचे कपडे घालायचे आणि दिवसभर तसंच वावरायचं. चालायचं, खुर्चीत बसायचं, रात्री कुशीवर झोपून पाहायचं. वेगळी खोली मागणाऱ्या त्या गृहस्थांनी असा एक दिवस काढला. संध्याकाळी त्यांची तक्रार वासाची नव्हती, पट्टा जिथे घासला तिथे खाज सुटते याची होती. वास ही भीती होती, पट्टा ही अडचण होती, आणि अडचणीवर उपाय असतो. खूण दोन बोटं खाली सरकवली.

आता दिरांच्या हट्टाबद्दल. भावाच्या काळजीपोटीच ते बोलताहेत, पण नवं मूत्राशय म्हणजे शूराचा पर्याय आणि पिशवी म्हणजे हार, हे डोक्यातून काढायला हवं. नवं मूत्राशय करायला ५० ते ६० सेंटिमीटर आतडं लागतं. ते शिवून गोल पिशवीसारखं करतात आणि मूळ मूत्रमार्गाला जोडतात. बाहेर काही दिसत नाही, हा मोठा फायदा. पण आतड्याला लघवी भरल्याची जाणीव होत नाही. म्हणून सुरुवातीला घड्याळ लावून दर दोन-तीन तासांनी जावं लागतं, रात्रीही गजर लावून उठावं लागतं. ओटीपोटाचे स्नायू सैल सोडून, पोटाने दाब देऊन लघवी करायला नव्याने शिकावं लागतं. दिवसाचा ताबा काही महिन्यांत येतो, रात्रीचा उशिरा येतो, आणि काहींना रात्री पॅड लावावाच लागतो. काहींना स्वतः नळी घालून मूत्राशय रिकामं करावं लागतं, तेव्हा त्यासाठी हाताची आणि मनाची तयारी हवी. दोन्ही पद्धतींच्या रुग्णांची तुलना करणारे अभ्यास झाले आहेत आणि अमुक पद्धतीचे रुग्ण जास्त सुखी, असं त्यांतून सातत्याने दिसलेलं नाही. मला विचाराल तर ज्याने स्वतः समजून निवडलं, तो बरा रुळतो. मूत्रपिंडं कशी काम करताहेत, गाठ मूत्रमार्गाच्या किती जवळ आहे, यावरही ते ठरतं. म्हणजे निवड असलीच तर ती यजमानांची. दिरांना रुग्णालयात एक रात्र सोबत करायचं काम द्या, आणि ‘पॉझिटिव्ह राहा’ हा मंत्र थांबवायला सांगा. तो ऐकणाऱ्याला एकच कळतं, की आपली भीती इथे कोणाला नकोय.

शस्त्रक्रियेनंतरच्या काही गोष्टी आधीच सांगून ठेवतो, म्हणजे त्या वेळी तुम्ही हादरणार नाही. पहिल्या काही दिवसांत वयस्क रुग्ण गोंधळू शकतो. कुठे आहे ते कळत नाही, नळ्या ओढतो, माणसं ओळखत नाही. हे वेड नव्हे. भूल, वेदनाशामकं, झोपमोड यांनी होतं आणि सहसा निवळतं. चष्मा आणि कानाचं यंत्र असेल तर ते लगेच लावून द्या, ओळखीचा आवाज जवळ असू द्या, आणि नर्सला सांगा. आतडं कापून जोडलेलं असल्याने ते सुरू व्हायला वेळ घेतं. पोट फुगतं, मळमळतं, अन्न नकोसं होतं. चौथ्या-पाचव्या दिवशी माणूस भिंतीकडे तोंड करून पडतो. आणि एक विचित्र गोष्ट : मूत्राशय नसतानाही लघवीची कळ येऊ शकते. ‘मला जायचंय’ म्हणतील. त्यांना हसू नका किंवा ‘तिथे काहीच नाहीये आता’ असं तोडूनही टाकू नका. नसांना बातमी उशिरा पोचते.

खरी परीक्षा घरी आल्यावर, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. भेटायला येणारे कमी होतात, सगळ्यांच्या लेखी ‘ऑपरेशन छान झालं’, आणि इकडे माणूस आंघोळीला जाताना आरशाकडे पाठ करतो. त्यातच एखाद्या रात्री पिशवी सुटते. अंथरूण ओलं होतं, आणि ६३ वर्षांचा माणूस अंधारात बसून राहतो, तुम्हाला हाक न मारता. ती रात्र बहुतेकांच्या वाट्याला येते. गादीवर आधीपासून जलरोधक चादर असू द्या, एक पिशवी, पुसायचं कापड आणि कपड्यांचा एक जोड उशाशी ठेवा. दिवा लावा, हाताला जे येईल ते मुकाट करा. त्या वेळी धीराचं भाषण नको. सकाळी गळती का झाली ते पाहायचं, आणि वारंवार होऊ लागली तर स्टोमा नर्सला दाखवायचं. लोक गळती हे नशीब समजून सहन करतात, घराबाहेर पडणं सोडतात आणि मग उदास होतात. पुष्कळदा चिकटपट्टीचं भोक मोठं असतं, एवढंच.

तुम्ही बदलायला शिकावं का? शिका, पण दुसऱ्या नंबरवर. आधी ते शिकतील. त्यांना ताप आला, हात थरथरला, तर तुम्ही. सुरुवातीला तुमचा हात सफाईने चालेल आणि त्यांचा चाचपडेल, तेव्हा ‘द्या इकडे’ असं तोंडावर येईल. ते गिळा. पिशवी सकाळी पाणी प्यायच्या आधी बदलली तर लघवी कमी गळते. गॉझची सुरळी स्टोमावर धरून ठेवायची, तोवर भोवतालची कातडी कोरडी करायची, मग नवी पिशवी बसवून तळहात वर ठेवायचा म्हणजे उबेने ती नीट चिकटते. ज्या दिवशी हे त्यांचं त्यांना जमेल, त्या दिवशी ‘कोणाला माझं करावं लागेल’ ही भीती निम्मी उतरलेली असेल.

उदासी नेहमी मनातूनच येते असं नाही, आणि हे घरचे लोक हटकून विसरतात. लघवी आतड्याच्या संपर्कात राहिली की रक्तात आम्लाचं प्रमाण वाढू शकतं. नव्या मूत्राशयात हे जास्त होतं. मग थकवा येतो, भूक मरते, मळमळतं, माणूस गळून जातो आणि सगळे म्हणतात, मनाने घेतलंय. साध्या रक्ततपासणीत ते कळतं आणि बायकार्बोनेटच्या गोळ्यांनी आटोक्यात येतं. रक्त कमी झालेलं असलं तरी तसंच होतं. पुढे काही वर्षांनी बी-१२ची कमतरता होऊ शकते, तीही तपासत राहावी लागते. म्हणून ‘हे फार खचलेत’ असं वाटलं की डॉक्टरांना तसंच सांगा आणि रक्तही तपासायला सांगा. तपासण्या ठीक असल्या आणि तरीही दोन आठवडे सलग मन उदास, कशातच रस नाही, झोप उडालेली, ‘आता काय उपयोग’ हेच पालुपद, असं असेल, तर ते नैराश्य आहे असं समजून मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. ताप आला की गोळी घेतो, त्यापेक्षा यात जास्त काही नाही. स्कॅनच्या तारखेआधी आठवडाभर मात्र सगळेच चिडचिडे होतात. तो वेगळा प्रकार, रिपोर्ट आला की उतरतो.

यजमान तंबाखू किंवा सिगारेट ओढत होते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असतील तर मनात ‘मीच ओढवून घेतलं’ हे चालू असणार, कारण या आजाराचं सगळ्यांत मोठं कारण धूम्रपान आहे हे त्यांना कुणीतरी ऐकवलेलंच असेल. अजून चालू असेल तर आज बंद करा, जखम भरायला मदत होईल. झाल्या गोष्टीचा हिशेब घरात कोणी काढू नये, तुम्हीही नाही.

आता तुम्ही संकोचत विचारलेलं. पुरुषांमध्ये मूत्राशयाबरोबर प्रोस्टेट आणि वीर्यकोशही काढतात. त्यामुळे वीर्य येणार नाही. ताठरतेच्या नसा तिथूनच जातात, त्यांना इजा होते. काही रुग्णांत कर्करोगाच्या जागेनुसार त्या नसा वाचवता येतात. पण तो प्रश्न शस्त्रक्रियेच्या आधी विचारला तर त्याला अर्थ आहे. पुढच्या भेटीत तुम्हीच विचारा : ‘नसा वाचवता येतील का?’ डॉक्टर लाजत नाहीत, वेळ नाही म्हणून विषय काढत नाहीत, एवढंच. नंतरही गोळ्या, इंजेक्शन, पंप असे उपाय असतात. ताठरता आली नाही तरी स्पर्शाचं सुख आणि परमोच्च क्षण अनुभवता येऊ शकतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. सुरुवातीचे महिने शरीर थकलेलं असेल. तेव्हा शेजारी झोपणं सोडू नका, पिशवी रिकामी करून, वर कापडी आवरण घालून. त्यांनी कूस बदलली तर त्यांना तुम्ही नकोशा झालात असा अर्थ काढू नका. बहुधा स्वतःचंच शरीर नकोसं झालेलं असतं. (हे वाचणाऱ्या ज्या बायकांची स्वतःची ही शस्त्रक्रिया आहे त्यांच्यासाठी : गर्भाशय, अंडाशय, योनीचा काही भाग काढायचा आहे का आणि त्यातलं काय राखता येईल, हे आधी विचारा. तुम्हाला हा प्रश्न कोणी आपणहून विचारेल, या भरवशावर राहू नका.)

राहिला रडण्याचा प्रश्न. त्यांच्यासमोर रडलात तर ते खचतील, असं तुम्हाला वाटतं. ‘तिच्यासमोर बोललो तर ती खचेल’, असं त्यांना वाटत असणार. म्हणून तुम्ही नळ सोडता आणि ते कूस बदलतात. चोवीस तास रडावं असं मी म्हणत नाही, पण ते अर्धं वाक्य विचारताना तुमचा आवाज फुटला तर फुटू द्या. तुम्ही जागी होतात, हे त्यांना तेवढ्याने कळेल. एखादी बहीण, मैत्रीण अशी धरा जिला फोनवर फक्त रडलं तरी चालेल, आणि आठवड्यातला एक ठरलेला वेळ दिरांवर सोपवून घराबाहेर पडा. स्टोमा झालेल्यांचा गट रुग्णालयाशी जोडलेला असेल तर यजमानांना भेटायला न्या. वर्षभरापूर्वी शस्त्रक्रिया झालेला माणूस समोर उभा राहिला आणि त्याची पिशवी कुठे आहे हे ओळखता आलं नाही, की माझं हे सगळं लिहिणं फिकं पडतं.

आणि स्टोमा नर्सकडे सरावाची पिशवी मागाल, तेव्हा दोन मागा. दुसरी तुम्ही लावा, त्याच दिवशी.